१९९६ची ई२२० (डब्ल्यू१२४), मुंबई : ९५ भरू, १०० भरू की साधंच?

पार्ले_१२४

गाडी मर्सिडीज ई२२०, डब्ल्यू१२४, पुण्यात जोडलेली, एम१११ इंजिन, मुंबई पासिंग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचाच आहे. वापर कमी : रविवारी शहरात, अधूनमधून लोणावळा. इंधनाचे पाइप कधी बदलल्याची नोंद फाइलमध्ये नाही.

तक्रारी अशा :
घाटात एसी चालू ठेवून १५०० ते २००० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक किणकिण येते. आयडलला इंजिन किंचित हलतं, पावसाळ्यात जास्तच. आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी मागच्या उजव्या चाकाजवळ पेट्रोलचा हलका वास.

टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर शिसेविरहित, ९५ ऑक्टेन असं आहे. मेकॅनिक म्हणतो, १०० टाका, सगळं बसेल. पंपावर ९५ गळ्यात मारतात. अमेरिकेतले मालक लिहितात की ९१ पुरतं, मग आपलं साधं चालायला हवं ना? बूस्टरची बाटली टाकून भागेल का?

वडाळा_वायरिंग

ऑक्टेन नंतर. आधी वास. मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीखाली प्लास्टिकच्या आवरणात पंप आणि फिल्टर आहेत, आणि वास नेमका तिथूनच येतोय. आवरण काढून रबरी पाइप वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला ओल लागली तर पाइप बदलेपर्यंत गाडी चालवू नका, सोसायटीच्या बंद पार्किंगमध्येही ठेवू नका.

ऑक्टेन_काका

वर सांगितलंय ते पहिलं करा. आता तुमच्या प्रश्नाकडे.

अमेरिकेतलं ९१ आणि आपलं ९१ एकच नाही. तिथे पंपावर आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, आपल्याकडे आणि युरोपात नुसता आरओएन. तिथलं ९१ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९५-९६, आणि तिथलं ८७ म्हणजे आपलं ९१. म्हणजे तुमचा स्टिकर आणि ते अमेरिकन मालक एकच गोष्ट सांगतायत. जुन्या आयात गाड्यांची पुस्तकं बऱ्याचदा अमेरिकन असतात, तिथे हा घोळ हमखास होतो.

दुसरं, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ठिणगीच्या आधी आपोआप पेट न घेण्याची क्षमता, एवढाच त्याचा अर्थ. ९५ मागणाऱ्या इंजिनाला ९५ मिळत असेल तर १०० टाकून पिकअप वाढत नाही, अ‍ॅव्हरेजही नाही.

आता खरी गंमत. पाच-सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला असता तर उत्तर सरळ होतं : साधं ९१चं आहे, तुम्हाला ९५ हवं, प्रीमियम भरा. आज साध्या पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या पुढे, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर साधं पेट्रोलच ९५ला पोचतं. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या खुलाशातही हाच आकडा आहे. म्हणजे तुमच्या गाडीपुरता ऑक्टेनचा प्रश्न मिटला, आणि त्याच्या जागी इथेनॉलचा प्रश्न उभा राहिला. प्रीमियम ९५ घेतलंत तर डिटर्जंट थोडं जास्त मिळेल, पण इथेनॉल त्यातही असतंच. 'महाग घेतलं म्हणजे इथेनॉल नाही' हा समज सोडा.

मुंबईत सहज मिळणारं इथेनॉलविरहित पेट्रोल म्हणजे १०० ऑक्टेनवालं, इंडियन ऑइलचं एक्सपी१०० वगैरे. ते घ्यायचं तर इथेनॉल टाळण्यासाठी घ्या. १०० हा आकडा तुमच्या इंजिनाच्या काही कामाचा नाही.

बूस्टर : बाटलीवर '३ पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं. त्या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ०.१. म्हणजे ९५चं ९५.३. वर त्यात मँगनीजचं संयुग असेल तर प्लगच्या टोकावर लालसर थर बसतो, ऑक्सिजन सेन्सर (लॅम्डा सेन्सर तो हाच) आणि कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, दोन्ही हळूहळू मंद होतात. फेरोसीन असलेल्यांचं तेच, फक्त थर लोखंडाचा. पैसे वाचवा.

केजेट्रॉनिक

काकांशी सहमत. इथेनॉल नक्की काय करतं आणि किती चालेल, ते सांगतो, कारण याबाबत भीतीही फार आहे आणि बेफिकिरीही.

मर्सिडीजने युरोपात ई१० आलं तेव्हा आपल्या गाड्यांबद्दल स्पष्ट सांगितलं होतं : पेट्रोल गाड्यांना ई१० चालतं. अपवाद दोन. एक, २००२ ते २००५ची पहिल्या पिढीची डायरेक्ट इंजेक्शनवाली सी२०० सीजीआय आणि सीएलके२०० सीजीआय. दुसरा, कार्ब्युरेटरच्या किंवा नियंत्रित कॅट नसलेल्या जुन्या गाड्या. तुमच्या ई२२०ला कॅट आणि लॅम्डा सेन्सर दोन्ही आहेत, म्हणजे ती ई१०च्या यादीत बसते. ई२०ला मात्र कंपनीचा होकार नाही.

मग ई१० स्वतःच बनवा. टाकी ७० लिटरची. तळाशी साधारण १० लिटर ई२० शिल्लक असताना पंपावर जा. २५ लिटर साधं आणि ३५ लिटर इथेनॉलविरहित १०० भरा. ३५ लिटर ई२०मध्ये ७ लिटर इथेनॉल, ते ७० लिटरमध्ये पसरलं की बरोबर १० टक्के. ऑक्टेन ९५च्या वरच राहतो. १०० ऑक्टेनला लिटरमागे ५०-६० रुपये जास्त धरले तरी टाकीमागे दोन हजारांच्या आसपास जादा पडतात. इतक्या कमी चालणाऱ्या गाडीला हे परवडतं, रोज ठाणे-नरिमन पॉइंट करणाऱ्याला नाही.

आता ई२० काय बिघडवतं :

मिश्रण. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे कॉम्प्युटरला ८ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन सोडावं लागतं. लॅम्डा सेन्सर ठणठणीत असेल तर तो हे सांभाळून घेतो. सेन्सर मूळचाच असेल तर तो थकलेला असणार. त्या पिढीचे गरम होणारे सेन्सर लाखभर किलोमीटरला बदलायचे असतात. आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला कॉम्प्युटर लॅम्डाकडे बघत नाही, आत साठवलेल्या ठरलेल्या आकड्यांवर चालतो. तिथे मिश्रण पातळच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, राहतं.

अ‍ॅव्हरेज. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा आहे. हिशेबाने ई२०मध्ये ६-७ टक्के ऊर्जा कमी. यापेक्षा जास्त घट दिसत असेल तर दोष गाडीत शोधा.

रबर. तीस वर्षांचं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये आधी फुगतं, मग गाडी उभी राहिली की सुकून आकसतं आणि तडकतं. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा रविवारी चालणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. तुमचा वास बहुतेक याचाच.

घाण. इथेनॉल टाकीच्या तळातला जुना डिंक आणि गंज सोडवून पुढे पाठवतं. म्हणून ई२० सुरू झाल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर तुंबतो.

वडाळा_वायरिंग

पाइप बदलताना दुकानात नीट मागा. 'पेट्रोल पाइप द्या' म्हटलं की टू-व्हीलरचा कुठलाही काळा पाइप हातात देतात. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं पाहिजे. त्याला आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असतो आणि तो इंजेक्शनचं प्रेशर घेतो. आर६ घेऊ नका, तो कार्ब्युरेटरच्या कमी प्रेशरसाठी आहे. क्लिपही गोल कडेची, इंधन इंजेक्शनची घ्या. स्क्रूची छिद्रंवाली पट्टी पाइप कापते.

काम करताना :
टाकी जवळजवळ रिकामी असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. काम उघड्यावर, बेसमेंटमध्ये अजिबात नाही. बल्बची हॅण्डलॅम्प नको, एलईडी टॉर्च वापरा, बाजूला पावडरचा अग्निशामक ठेवा.

पंपाच्या दोन्ही बाजूंचे पाइप, फिल्टरचे, आणि इंजिनजवळ रेलला येणारा व परत जाणारा, सगळे एकाच वेळी. परतीचा पाइप लोक विसरतात, आणि आग लागली तर तिथेच लागते, कारण तो गरम इंजिनाच्या डोक्यावर असतो. फिल्टरच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे टाका, जुने परत दाबून बसवू नका.

टाकीच्या तळाला आत जाळीचा स्ट्रेनर आहे, त्याला ४६ मिमीचा षटकोनी सॉकेट लागतो. पाइपपाना लावून त्याचे कोपरे घासू नका. जाळी काढली की तळाशी काय आहे ते कळतं. तपकिरी चिखल असेल तर टाकी उतरवून धुवावीच लागेल, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. फिल्टर आत्ता एक टाका आणि दोन-तीन टाक्यांनी पुन्हा एक.

आणखी एक. झाकणाभोवतीच्या खोबणीत पाण्याच्या निचऱ्याचं भोक आहे. ते पानं-मातीने तुंबलं की पावसाचं पाणी झाकणाभोवती साचतं आणि सील कडक झालं असेल तर टाकीत उतरतं. ई२० थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच उचलतो. पावसाळ्यात आयडल जास्त हलतं म्हणालात ना, तिथेही बघा. भोकात प्लास्टिकची झिप-टाय घालून मोकळं करा, झाकणाचं सील नवं टाका.

ऑक्टेन_काका

किणकिणीबद्दल थोडं लिहायचं राहिलं.

एम१११ला नॉक सेन्सर आहे. नॉकिंग झालं, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठोकल्यासारखा आवाज आला, की कॉम्प्युटर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, आवाज तुमच्या कानापर्यंत सहसा पोचूच नये. तरी ऐकू येतोय, म्हणजे एक तर सेन्सर बहिरा आहे किंवा तो आवाज नॉकिंगचा नाहीच.

दुसरी शक्यता आधी तपासा, कारण ती फुकट आहे. कॅट आणि सायलेन्सरच्या वरचे पातळ उष्णतारोधक पत्रे गंजून सुटतात आणि नेमके १५०० ते २००० आरपीएमलाच वाजतात, अगदी नॉकिंगसारखे. गाडी थंड असताना हाताने ठोकून बघा.

पत्रे घट्ट असतील तर टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा पूर्ण १०० भरा आणि खंडाळ्याचा तोच चढ, तोच एसी, तोच वेग. आवाज गेला तर नॉकिंग होतं. तसाच राहिला तर इंधनाचा संबंध नाही. १०० ऑक्टेनचा हा सर्वात चांगला उपयोग. आणि नॉकिंगच निघालं तरी 'आता कायम १०० टाका' हा निष्कर्ष काढू नका. ९५वर चालायला बनवलेलं इंजिन ९५वर ठोकतंय तर कारण शोधायला हवं. शहरातल्या रांगत चालण्याने पिस्टनवर साचलेला कार्बन, पातळ मिश्रण, चुकीच्या हीट रेंजचे प्लग, तापलेलं इंजिन. पंख्याचा व्हिस्कस क्लच सुटला असेल तर घाटात काटा चढताना दिसेल.

नॉक सेन्सर उघडलात तर तो ब्लॉकवर स्वच्छ धातूला धातू लागून बसला पाहिजे, वॉशर नको, बोल्ट २० न्यूटन-मीटर. जास्त आवळला तरी तो चुकीचं ऐकतो.

पार्ले_१२४

मनापासून आभार. आवरण काढलं, फिल्टरच्या पुढचा पाइप वाकवला की तडे दिसतात. गाडी आता उघड्यावर उभी आहे, पाइप येईपर्यंत चालवणार नाही.

दोन शंका. पंपावरचं १०० खरंच इथेनॉलविरहित आहे हे घरी कसं कळेल? पंपावर घनता लिहिलेली असते, तिच्यावरून ओळखता येतं का? आणि आयडल इंधनामुळेच हलतंय हे कशावरून?

केजेट्रॉनिक

घनतेवरून ओळखता येत नाही. पेट्रोलची घनता घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलो या मोठ्या पट्ट्यात कुठेही असू शकते. त्या आकड्याचा उपयोग एवढाच की पंपाच्या नोंदीशी १५ अंशांना ३ पेक्षा जास्त फरक पडला तर भेसळीचा संशय घ्यायचा. ती तपासणी आणि फिल्टर पेपरची चाचणी तुम्ही मागितली तर पंपाला करून दाखवावी लागते.

इथेनॉलसाठी पाण्याची चाचणी. प्रिन्सेस स्ट्रीटवर १०० मिलीची काचेची मोजणी नळी मिळते, बुचासकट घ्या. त्यात १० मिली पाणी, पाण्यात शाईचा एक थेंब म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवा, अधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८च्या आसपास गेला तर ९०मधले १८, म्हणजे २० टक्के. १९च्या आसपास असेल तर १० टक्के. तुमचं निम्मं-निम्मं मिश्रण जमलंय का, हेही यावरूनच कळेल. गॅलरीत करा, गॅसजवळ नको, आणि उरलेलं मोरीत ओतू नका.

वडाळा_वायरिंग

आयडलचं उत्तर माझ्या नावातच आहे. १९९३ ते ९५च्या सुमारास मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंगला जे आवरण वापरलं ते उष्णतेने सुकून बिस्किटासारखं तुटतं. एम१०४, एम१११, एम११९, सगळ्यांत. तुमची ९६ची असली तरी भाग आधीच्या साठ्यातले असू शकतात. इंजेक्टर आणि कॉइलच्या कनेक्टरचं रबरी टोपण मागे सरकवून आतली एकेक वायर हळूच वाकवा. तांबं उघडं दिसलं तर थांबा, इंजिन सुरू करू नका. उघड्या वायरी एकमेकींना लागल्या तर कॉम्प्युटर जळतो, आणि तो या सगळ्या पेट्रोलच्या हिशेबापेक्षा महाग आहे.

दमट हवेत विजेची गळती वाढते, म्हणून पावसाळ्यात मिसिंग जास्त. लोक हे वर्षानुवर्षं 'पेट्रोल खराब' म्हणून काढतात आणि पंप बदलत राहतात.

पूर्ण नवी हार्नेस (वायरिंगची जुडी) आणा किंवा उष्णतारोधक वायर घेऊन मूळच्या मापाने बांधून घ्या. दुसऱ्या गाडीची जुनी काढून लावू नका, तिचंही तेच वय असतं.

सहा_सिलिंडर

याच धाग्यात विचारतो. ८९ची आयात ३००ई, एम१०३ इंजिन, केई-जेट्रॉनिक (जुनं, मुख्यतः यांत्रिक इंधन इंजेक्शन), कॅट नाही. मलाही निम्मं-निम्मं चालेल? गरम झाल्यावर ट्रॅफिकमध्ये बंद केली की दहा मिनिटांनी सुरू व्हायला फार वेळ घेते.

केजेट्रॉनिक

तुम्हाला नाही. कॅट नाही, लॅम्डा नाही, म्हणजे मिश्रण दुरुस्त करणारं कोणीच नाही. मर्सिडीजच्या ई१०च्या अपवादात तुम्ही बसता. पूर्ण इथेनॉलविरहितच भरा. अडचणीत ई२० भरावंच लागलं तर ती टाकी हळू चालवून संपवा, तेवढ्यासाठी सीओचा (मिश्रण ठरवणारा) स्क्रू फिरवू नका. पुन्हा १०० भरलं की मिश्रण जाड होऊन प्लग काळे होतील.

एम१०३ला नॉक सेन्सरही नाही. त्याऐवजी बॉनेटखाली आर१६/१ हा छोटा रेझिस्टर प्लग आहे, सात स्थानांचा. तो फिरवला की कमी ऑक्टेनसाठी टायमिंग मागे जातं. आपल्याकडचं साधं पेट्रोल ८८चं होतं त्या काळात कोणीतरी तो फिरवून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच आहे. टायमिंग लाइट लावून माहितीपुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. १०० भरत असाल आणि टायमिंग अजून ८८चं असेल तर पैसे वाया.

शिशाची काळजी करू नका. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं बंद आहे, आणि या इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट कडकच असतात.

गरम स्टार्टचा दोष पेट्रोलवर ढकलू नका. केईमध्ये सिस्टिम प्रेशर ५.३ ते ५.५ बार. इंजिन बंद केल्यावर गेज लावून ठेवा, अर्ध्या तासाने अडीच बार तरी शिल्लक राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं की पाइपात वाफ होते आणि स्टार्टर फिरत राहतो. पंपाजवळचा, इंजिन बंद असताना प्रेशर टिकवून धरणारा अ‍ॅक्युम्युलेटर किंवा पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलाय. कोणता ते असं कळेल : अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागच्या बारीक पाइपातून पेट्रोल ठिबकत असेल तर त्याचा पडदा फाटलाय. कोरडा असेल तर आधी व्हॉल्व्ह बदला, तो स्वस्त आहे. दोन्ही ठीक निघाले तर इंजेक्टर काढून टोकं गळतायत का बघा.